राघोबादादांचा अपराध आणि आपली सोय

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या प्रवाशाने लोणी काळभोर मागे टाकले की डाव्या हाताला थेऊरचा फाटा लागतो. चिंतामणीच्या दर्शनासाठी तिकडे वळणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल, की मराठी दौलतीच्या सर्वांत दारुण शोकांतिकेचा पहिला अंक याच देवळाच्या आवारात घडला आहे. क्षयाने जर्जर झालेले सत्तावीस वर्षांचे थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी येथे निवर्तले, रमाबाई सती गेल्या. आणि प्राण जाण्यापूर्वी माधवरावांनी धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, हात चुलत्याच्या, रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांच्या, हाती सोपविला असे बखरकार सांगतात. पुरते दहा महिनेही लोटले नाहीत तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, थकलेल्या पगाराचे निमित्त पुढे करून सुमेरसिंगाचे गारदी भर दिवसा शनिवारवाड्यात शिरले, आणि त्याच चुलत्याला मिठी घालून जीवदान मागणाऱ्या अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत कापून काढले.

या घोर प्रकरणाची आपण मराठी माणसांनी एक सोयीस्कर कहाणी करून ठेवली आहे. दादासाहेबांनी पुतण्याला नुसते धरण्याचा हुकूम दिला होता, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्यातील एक अक्षर फिरविले आणि अनर्थ ओढवला, ही ती कहाणी. शाळकरी पोरालाही ती पाठ असते. तिच्या खरेपणाविषयी इतिहास-संशोधकांत एकमत नाही, हे तूर्त बाजूला ठेवू. ती अक्षरशः खरी मानली तरी तिने रघुनाथरावांच्या माथ्यावरचे ओझे किती हलके होते? मसनदीवर बसलेल्या धन्याला, सख्ख्या पुतण्याला, भाडोत्री हत्यारबंद शिपायांकरवी धरावे असा मनसुबा ज्याने केला, त्याने त्या पोराचा जीव त्याच क्षणी पणाला लावला होता. सारे पाप बाईच्या लेखणीत कोंडून आपण पुरुषाला केवळ दुबळा ठरवितो, आणि दुबळ्या माणसाची कीव येते, त्याची शोकांतिका होत नाही.

शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’मध्ये ही सोय आपल्या प्रेक्षकाला मुळीच दिली नाही. तेथेही पत्नी डिवचते, चेटकिणी भविष्य सांगतात. पण खड्ग उचलणारा हात मॅकबेथचा, ते उचलण्यापूर्वी आपण काय करीत आहोत याची लख्ख जाणीव त्याची, आणि नंतर नाहीशी झालेली झोपही त्याचीच. हे नाटक मराठीत ‘मानाजीराव’ या नावाने शिवराम महादेव परांजप्यांनी आणले, आणि १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ या नावाने वि. वा. शिरवाडकरांनी. त्या ‘राजमुकुटा’तली महत्त्वाकांक्षी राणी आणि नारायणरावांच्या खुनावरील ‘भाऊबंदकी’ या नाटकातली आनंदीबाई या दोन्ही भूमिका दुर्गाबाई खोट्यांनी गाजविल्या, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. ही दोन नाटके एकमेकांची सोयरी आहेत हे रंगभूमीने टीकाकारांच्या आधी ओळखले होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये रंगभूमीवर आणले, सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ यांची फाटाफूट झाल्यानंतर दोनच वर्षांनी. घरच्या दुहीने राज्य कसे बुडते हे त्यांना दाखवावयाचे होते, आणि त्या कामी रामशास्त्री प्रभुण्यांसारखी तेजस्वी व्यक्तिरेखा त्यांच्या हाती आपसूक आली. सत्ताधीशाच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा सांगून पुणे सोडून निघून जाणाऱ्या त्या न्यायाधीशाने प्रेक्षकांची अंतःकरणे जिंकली, आणि प्रभातच्या १९४४ मधील ‘रामशास्त्री’ चित्रपटाने ते सिंहासन अधिकच पक्के केले. तसे व्हावे हे न्याय्यच. तथापि, शास्त्रीबोवांच्या तेजाने आपले डोळे इतके दिपले, की समोर उभ्या असलेल्या अपराध्याच्या मुद्रेकडे पाहण्याचेच आपण विसरलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या मुद्रेकडे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १७५८ मध्ये लाहोर घेऊन ज्याच्या फौजा अटकेपर्यंत धडकल्या तो हा सेनानी. थोरल्या बाजीरावांचा हा पुत्र. आणि स्वतःच्या पराक्रमाचा हिशेब मांडताना ज्याला आपल्याहून कोवळी पोरे मसनदीवर बसलेली पाहावी लागली तो हा चुलता. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत थोरल्या पुतण्याकडून, माधवरावांकडून, हार खाऊन तो नजरकैदेत पडला. त्याच्या मनातील असूया क्षुद्र नव्हती, आणि म्हणूनच ती भयंकर होती. आपल्या हातून घडलेल्या पापाला प्रायश्चित्त काय, असा प्रश्न रामशास्त्र्यांपुढे येतो तेव्हा दादासाहेबांना दोष ठाऊक असतो. त्यांना हवी असते ती त्याची परवडण्याजोगी किंमत. दानधर्म, गोदान, ब्राह्मणभोजन अशा काही रकमेवर हे खाते मिटेल ही त्यांची आशा, आणि किंमत स्वतःच्या प्राणाइतकी आहे हे ऐकल्यानंतरही जगत राहण्याचा त्यांनी घेतलेला निर्णय, यांतच त्यांचा खरा अधःपात आहे. मॅकबेथ निदान अखेरीस तलवार घेऊन उभा राहतो.

रघुनाथराव दहा वर्षे जगले, आणि त्या दहा वर्षांत त्यांनी जे जे केले ते पाहता शास्त्रीबोवांचा निवाडा दर महिन्याला नव्याने खरा होत गेला. नाना फडणीस आणि सखारामबापू यांच्या बारभाईंनी कारभार हाती घेतला, १७७४ मध्ये नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवराव जन्मले, आणि पेशवाईची वस्त्रे अंगावरून उतरलेले दादासाहेब ७ मार्च १७७५ च्या सुमारास सुरतेस इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देण्यास कबूल झाले. जी वसई त्यांच्याच चुलत्याने, चिमाजीअप्पांनी, अपार रक्त सांडून १७३९ मध्ये फिरंग्यांकडून घेतली होती, ती एका मसनदीसाठी कागदावर लिहून दिली गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या पदरात दरमहा पंचवीस हजारांचा तनखा पडला, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत झाला. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव १८०२ च्या अखेरीस त्याच वसईस जाऊन इंग्रजांचा मांडलिक झाला.

लोणी काळभोरच्या राजबागेत, जेथे एके काळी राज कपूर यांची शेती होती, तेथे आता विद्यापीठ उभे आहे आणि नाट्य व चित्रपट यांचे शिक्षण तेथे दिले जाते. थेऊर तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. त्या तरुण नटांनी ‘भाऊबंदकी’ पुन्हा हाती घ्यावे, ही माझी मनःपूर्वक विनंती आहे. आनंदीबाईंना कपटी कैदाशीण करू नये. नवऱ्याच्या मनात जे आहे ते उघड बोलून दाखविणारी, त्याच्यापेक्षा प्रामाणिक अशी बाई म्हणून ती भूमिका उभी राहू द्यावी. रामशास्त्र्यांनी आवाज चढविण्याची गरज नाही. दिग्दर्शकाने सारा प्रकाश राघोबादादांवर ठेवावा, आणि देहान्ताचा निवाडा कानी पडल्यापासून शास्त्रीबोवांची पाठ फिरेपर्यंत तो नट त्या प्रसंगात काय करतो, यावर त्या प्रयोगाची परीक्षा व्हावी.