राखीव ४ टक्के जातात कुठे?

आरक्षण म्हटले की आपल्या समाजाच्या डोळ्यांसमोर नोकरी आणि शिक्षण या दोनच गोष्टी येतात. परंतु १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयना जे निवेदन दिले, त्यात सरकारी बांधकामाच्या ठेक्यांत अस्पृश्यांना वाटा नाही, ही तक्रारही होती. सरकारी खरेदीत केंद्राने आपल्यासाठी हिस्सा ठरवायला २०१२ साल उजाडले. केंद्रीय मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे ते धोरण. हा भाग आधी २० टक्के होता, २०१८ साली २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांचे.

आता त्याच आदेशातली पुढची तरतूद वाचा. या उद्योजकांनी निविदा भरली नाही, किंवा ते अटींत आणि दरात बसले नाहीत, तर हे ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून घेता येतात. म्हणजे आपण गैरहजर राहिलो की आपला हिस्सा कायदेशीरपणे दुसऱ्याच्या घरी जातो! त्यासाठी कोणाला कटकारस्थान करावे लागत नाही.

मध्यंतरी एक तरुण माझ्याकडे आला. एका केंद्रीय आस्थापनेने मागवलेल्या गणवेशांसाठी त्याने निविदा भरली होती आणि ती तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली. "साहेब, आडनाव बघून बाद केलं," तो म्हणाला. असे होते हे मला ठाऊक आहे, वकिली करताना मी ते पाहिले आहे. म्हणून मी कागद मागितले. त्याने बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, भरली नव्हती. लघु उद्योगाला ती माफ असते असे त्याने ऐकले होते आणि ते खरेच आहे. निविदेचा अर्जही मोफत मिळतो. पण ही माफी स्वतः माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे. हा बाजारातून तयार गणवेश घेऊन पुढे पुरवणार होता. उद्यम नोंदणीतही व्यवसाय 'व्यापार' असाच लिहिलेला. निविदेच्या अकराव्या पानावर हे स्पष्ट छापले होते. पोराने शेवटचे पान, दराचे, तेवढेच वाचले होते.

त्याला मी रागावलो नाही. आपल्या घरांत निविदा वाचणारा बाप कोणाला मिळाला आहे? ज्यांच्या तीन पिढ्या ठेकेदारीत गेल्या, त्यांची पोरे हे जेवणाच्या ताटावर शिकतात.

अटी जाचक असतात, मुद्दाम घातलेल्याही असतात. पाच वर्षांचा अनुभव, कोटींची उलाढाल. पण त्यावर बोलायची वेळ निविदा भरण्याआधीची आहे. निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न टाका, नव्या उद्योगांना अनुभव व उलाढालीच्या अटीत सूट मागा, शुद्धिपत्रक निघते का ते पाहा. मुकाट्याने भाग घेऊन हरल्यावर अटींविरुद्ध कोर्टात गेलात तर न्यायालय सहसा ऐकत नाही. मात्र स्वतः छापलेली पात्रतेची अट मोडून खात्याने दुसऱ्याला काम दिले, तर गोष्ट वेगळी. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या रमणा शेट्टी खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की छापलेली अट सरकारवरही बंधनकारक आहे.

दराचेही तसेच. न्यूनतम दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर तो दर मान्य करून पुरवठ्याचा हिस्सा तुम्हाला घेता येतो. त्यामुळे तोट्यात जाऊन दर पाडू नका. आणि माल दिल्यावर बिल अडले, तर २००६ च्या कायद्याचे कलम १५ उघडा. स्वीकृतीनंतर ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे ठेवता येत नाहीत. ठेवले तर कलम १६ प्रमाणे बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागायची. साहेब नाराज होईल म्हणून आपले लोक हा अर्जच करत नाहीत, हे मात्र मला पटत नाही.

आणखी एक. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा उद्यम नोंदणीत प्रवर्ग 'सामान्य' लिहू नका. भागीदारी असेल तर आपला वाटा किमान ५१ टक्के हवा. नावापुरता भागीदार होऊन दुसऱ्याला आपला दाखला वापरू देणारे समाजात आहेत, त्यांच्याबद्दल कधीतरी स्वतंत्र लिहीन.

हे धोरण राज्य शासनाच्या वा जिल्हा परिषदेच्या निविदांना लागू नाही, तिथले नियम वेगळे पाहावे लागतात.

त्या तरुणाने आता चार शिलाई मशीन घेतल्या आहेत आणि उत्पादक म्हणून नोंदणी केली आहे. गेल्या आठवड्यात तो नव्या निविदेचे ६२ पानी पुस्तक घेऊन आला, समासात पेन्सिलीच्या खुणा करून. उलाढालीच्या अटीवर आम्ही लेखी प्रश्न पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.