घरची बोली हा गुन्हा नव्हे

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची मुले घरी बोली बोलतात आणि शाळेत त्यांना पुस्तकी मराठी नव्याने शिकावी लागते. म्हणजे ही मुले लहानपणापासूनच द्विभाषिक! मराठी-इंग्रजी बोलणारे शहरी मूल हुशार आणि आमचे मूल मात्र 'अशुद्ध', हा कुठला न्याय?

विज्ञान काय सांगते? द्विभाषिकाच्या मेंदूत दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एक बोलताना दुसरीला आवरावे लागते. त्याने बुद्धी वाढतेच, हा दावा सर्व संशोधनात टिकलेला नाही. पण दोन भाषांनी मूल गोंधळते, हा समजही खोटा ठरला आहे. भावनेचे मात्र वेगळे आहे. बालपणीच्या भाषेतली माया आणि शिवी बहुतेकांना अधिक खोल लागते. त्याच भाषेला वर्गात हसले की मूल गप्प होते. गप्प मुलाला 'ढ' ठरवून व्यवस्था मोकळी होते.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढला. १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिले. एक भाषा आपल्या माणसांना जागे करायला, दुसरी जगाला जाब विचारायला. आमच्या मुलांनाही दोन्ही हव्यात.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा मातृभाषेतून शिक्षण 'शक्यतो' द्या म्हणतो. हा 'शक्यतो' पळवाट होऊ नये. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने पहिली-दुसरीला बोली जाणणारे शिक्षक द्यावेत. त्या पायावर प्रमाण मराठी आणि इंग्रजी पक्की करावी. हे उपकार नव्हेत, हा हक्क आहे.