सुई उडते ती कशाने?

मागच्या रविवारी आमच्या घरी रेकॉर्ड प्लेयरवरून भांडण झाले. वडिलांनी पै पै करून जमवलेल्या तबकड्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच आता बाजारात मिळायच्या नाहीत. एक लावली होती. धाकटी पाणी प्यायला उठली, चार पावले चालली, तोच सुई उडून पलीकडच्या गाण्यावर गेली. तबकडीवर चरा पडला. मी पोरीवर ओरडलो. सौ. म्हणाली, "मग तिने काय उडत जायचे?"

तिचे बरोबर होते. आमची चाळ जुनी, मजला लाकडी तुळयांवरचा. माणूस चालला की फळ्या दबतात आणि उसळतात. सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास पुष्कळ कमी. खाचेतली केसाहून बारीक वळणे टिपणे हे सुईचे काम, पण खाच हलते की खालचे टेबल, हे तिला कळत नाही. त्यात सुई आणि दांडी यांचा मिळून स्वतःचा झोका असतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. मजल्याचा हेलकावा त्याच्या जवळपास आला, की पाळण्याला वेळेवर धक्का दिल्यासारखे होते.

मी आधी प्लेयरखाली स्पंज घातला, तर तो जास्तच डुलू लागला! मऊ वस्तू बारीक थरथर अडवते, पावलांचा संथ दणका मात्र कधी कधी वाढवते. शेजारच्या काकांनी सुईच्या डोक्यावर रुपया ठेवायला सांगितले. तसे मुळीच करू नका. बऱ्याच सुयांना दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो, नाणे ३ ग्रॅमच्या वर. खाच झिजून जाते.

शेवटी प्लेयर जमिनीवरून काढलाच. विटांच्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून फळी बसवली. (दोन खोल्यांमधली फळ्यांची भिंत उपयोगाची नाही, तीही मजल्याबरोबर हलते.) फळी लेव्हल लावून सपाट केली आणि स्पीकर तिच्यावर न ठेवता दूर ठेवले. भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर टेबल खोलीच्या मध्यातून उचलून तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात त्या कडेला ठेवा. तिथे मजला कमी दबतो.

काल धाकटीला मुद्दाम खोलीभर नाचायला सांगितले. सुई जागची हलली नाही. तो चरा मात्र राहिलाच. तबकडी मिनिटाला ३३ फेरे घेते, त्यामुळे दर पावणेदोन सेकंदांनी टक्‌ ऐकू येते.