पिठाचा कोंबडा आणि कॅटनिस



यंदा गणपतीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली ती बॅगेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. सुझान कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स'. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपलं दशलक्षण सुरू होतं, त्यामुळे त्या दिवसांत रत्नागिरीत शेजारी आरत्या आणि झांजा, आणि आपल्याकडे पूजा, स्वाध्याय. तिसऱ्या दिवशी स्वाध्याय आटोपून पाच-सहा जणी आमच्याकडे टेकल्या होत्या. त्यातल्या एका काकींनी टीपॉयवरचं पुस्तक उचललं आणि नातीला विचारलं, "काय गं आहे यात?" पोरीने सरळ सांगून टाकलं, "यात चोवीस मुलं एकमेकांना मारतात आणि एकच उरतो."

झालं! "पर्वाच्या दिवसांत असलं वाचायचं? पिठाचा कोंबडा विसरलात का?" संध्याकाळी ग्रुपवर मेसेज फिरला की मुलांच्या हातातून अशी हिंसक पुस्तकं काढून घ्या. मेसेजवर बारा हात जोडलेले होते. माझे नव्हते, म्हणून हे लिहायला बसले.

मी काकींच्या रागाची टिंगल करत नाही. पिठाच्या कोंबड्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. यशोधर राजाला वाईट स्वप्न पडतं, आई चंद्रमती म्हणते देवीला बळी दे, तो जिवंत प्राणी मारायला तयार होत नाही, मग तोड निघते ती पिठाच्या कोंबड्याची. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मायलेक कितीतरी जन्म पशुयोनीत भोगत राहिले. सोमदेवसूरींनी शके 881 मध्ये, म्हणजे इ.स. 959 साली, 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. पुष्पदंतांनी अपभ्रंशात सांगितली, जन्न कवीने कन्नडमध्ये. हिंसा हाताच्या आधी मनात घडते, हे त्यातलं सार. मग गोष्टीतली खोटी मारामारीसुद्धा पाप, असं काकींचं म्हणणं. वरवर पटेल असंच आहे.

पण काकींनी पुस्तक वाचलेलं नाही. मी वाचलं. नातीकडून अडलेले शब्द विचारत, दुपारच्या वेळी, चार दिवसांत.

गोष्ट अशी. अमेरिका उद्ध्वस्त झाल्यानंतर तिथे पॅनेम नावाचा देश आहे. कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केलं, त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून 12 ते 18 वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची. त्यांना नटवायचं, टीव्हीवर मुलाखती घ्यायच्या आणि मग रानात सोडायचं. एक जिवंत राहीपर्यंत खेळ चालतो. कॅटनिसच्या लहान बहिणीची, बारा वर्षांच्या प्रिमची चिठ्ठी निघते आणि सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

आता मी पडले कॉमर्सची, त्यामुळे मला त्या चिठ्ठ्यांचा हिशेब सगळ्यात जास्त लागला. बाराव्या वर्षी एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशा वाढत जातात. पण घरात खायला नसेल तर आणखी एक चिठ्ठी टाकायची आणि त्या बदल्यात एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल घ्यायचं. कॅटनिसचे वडील खाणीत गेले, आई दुःखाने खचून बसली. ही पोर दर वर्षी स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी अशा तीन जादा चिठ्ठ्या टाकते. पाच वर्षांच्या पाच आणि धान्याच्या पंधरा, मिळून वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं. त्याच्या सात अधिक पस्तीस म्हणजे बेचाळीस. खात्यापित्या घरच्या मुलाच्या अठराव्या वर्षीही सातच. सोडत सगळ्यांना सारखी, असं सरकार सांगतं. जमाखर्च मात्र भुकेल्याच्याच नावावर चढत जातो.

हे वाचताना मला 1972 आठवलं. मी बारा वर्षांची होते, माहेर तासगाव तालुक्यातलं, आमचं शेतकऱ्याचं घर. विहिरीला पाणी नाही, खडी फोडायच्या कामावर गावातली निम्मी माणसं, रेशनवर तो लाल मिलो. त्याची भाकरी धड थापली जायची नाही. त्या वर्षी आई वारंवार म्हणायची, "आज माझा उपवास आहे." अष्टमी-चतुर्दशी सोडूनही तिचे उपवास निघायचे. आजी शेजारणींना कौतुकाने सांगायची, आमची सून फार तपस्वी. मीही शाळेत तसंच सांगितलं होतं. पुढे बी.कॉम.ला अकाउंट्स शिकताना केव्हातरी माझ्या डोक्यात उजेड पडला, की घरात सात माणसं होती आणि भाकऱ्या सहा माणसांपुरत्या व्हायच्या.

भरल्या ताटावरून उठणं म्हणजे उपवास. रिकाम्या टोपल्यासमोर बसणं म्हणजे उपाशी राहणं. आईने आमच्यासाठी केलं ते मोठंच होतं, पण त्याला तप म्हटल्यामुळे आजीची, बाबांची, आमची सगळ्यांची सोय झाली. कोणाला आपली अर्धी मोडून तिच्या ताटात घालावी लागली नाही. कॅटनिस स्वतःच्या कृत्याला एकदाही मोठं नाव देत नाही. सजवून बोलतात ते कॅपिटॉलचे लोक, ज्यांच्या घरातून कधी कोणाची चिठ्ठी निघत नाही.

आता येते काकींच्या मुद्द्यावर. आपल्या जपमाळेत 108 मणी का, हे पाठशाळेत शिकवलं होतं ना? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. म्हणजे 108 पैकी 36 मणी निव्वळ मान डोलावणाऱ्याचे आहेत! हात न लावणाऱ्याचे.

हे पुस्तक त्या 36 मण्यांविषयी आहे, असं मला वाटतं. रानातली मुलं मारतात ती जिवावर बेतलं म्हणून. कॅटनिसच्या हातूनही माणसं मरतात, पण आपल्या शास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितलेत आणि गृहस्थाला विरोधी हिंसा सुटत नाही हे मान्य केलंय. सरकारची हिंसा संकल्पी, ठरवून केलेली. आणि तिसरे ते प्रेक्षक, रंगीत केस करून पैजा लावणारे, आवडत्या मुलाला भेटी पाठवणारे, रडणारे आणि पुढच्या वर्षाची वाट पाहणारे. लेखिकेला ही कल्पना टीव्हीची चॅनेल बदलताना सुचली, एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं. हे अनुमोदनाचं पाप इतक्या स्पष्टपणे दाखवणारं पुस्तक आपल्या मुलींनी वाचायचं नाही, तर मग काय वाचायचं? (आठ वर्षांच्या नातवाला मी ते देणार नाही. त्याला रात्री स्वप्नं पडतील. प्रत्येक पुस्तकाला वय असतं.)

आणि आता जे मला खरं बोलायचं आहे ते. त्याच दुपारी, पुस्तक खाली ठेवता ठेवता, त्याच काकींनी नातीला विचारलं, "तू किती उपवास करणार यंदा? आमच्याकडच्या मुलीने गेल्या साली पाच केले, सत्कार झाला तिचा." सगळ्या जणी कौतुकाने हसल्या. नात तेरा वर्षांची आहे.

2016 साली हैदराबादला आपल्या जैन समाजातल्या तेरा वर्षांच्याच एका मुलीने 68 दिवसांचा उपवास केला. पारणं झालं, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत ती गेली. अंत्ययात्रेत लोक तिला बालतपस्वी म्हणत होते. तिने स्वतःच्या इच्छेने केलं, असं घरच्यांनी सांगितलं. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीची इच्छा कशाची बनते? मोठी माणसं कशाला टाळ्या वाजवतात त्याची. संरंभ, समारंभ, आरंभ या क्रमात समारंभ म्हणजे कृतीसाठी साधनं जमवणं. आपण मंडप, हार, फोटो, सत्काराची यादी जमवतो आणि त्यालाही समारंभच म्हणतो.

लगेच कोणी म्हणेल, मग सल्लेखनेचं काय? नातीनेही विचारलं होतं. शेवटी कॅटनिस आणि पीटा विषारी फळं तोंडाशी नेतात, ती सल्लेखना का? नाही. ती राजसत्तेला दिलेली धमकी आहे, जगण्यासाठीच दिलेली. समंतभद्राचार्यांनी सल्लेखना सांगितली ती न टळणारा उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण किंवा आजार आला तर, तेही शांत मनाने. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तिला आत्महत्या ठरवलं तेव्हा आपण सगळ्या रस्त्यावर आलो, सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. बरोबरच झालं. पण ज्या शास्त्राने मृत्यूलाही इतक्या अटी घातल्या, त्याच्या नावावर वाढत्या अंगाच्या मुलीला आकडे विचारायचे?

मी उपवासाच्या विरोधात नाही. अष्टमी-चतुर्दशीला माझं एकाशन असतं. पण त्याग स्वतःच्या वस्तूचा होतो. दुसऱ्याच्या जिवाचा केला तर त्याला बळी म्हणतात, आणि कोंबडा पिठाचा असला तरी तो बळीच, हे काकींनीच तर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आजी, मी पण पाच करते." मी विचारलं, "कोणासाठी?" ती बराच वेळ गप्प बसली. मग मी पोहे केले, तिला वाढले आणि माझी बशी घेऊन तिच्याबरोबरच बसले, मागून नाही.

उपवास करणाऱ्या मुलांची नावं द्या म्हणून दोनदा निरोप आला. मी आमच्याकडचं नाव दिलं नाही. नात पुण्याला परत गेली, तिच्याकडे दुसरा भाग आहे म्हणून पहिला मला ठेवून गेली. तो टीपॉयवरच आहे. काकी, इंग्रजी अडलं तर मी आहे, दुपारी या.