शहर झालेले गाव आणि १८३२ चा धडा

ब्रिटिश लोकशाहीचा इतिहास सांगताना मॅग्ना कार्टापासून आजच्या पार्लमेंटपर्यंत एक सरळ रेषा ओढण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही रेषा फसवी आहे. १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम या ओसाड टेकडीचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटात बसत. कापडगिरण्यांच्या मँचेस्टरचा एकही नसे. निर्वाचित नगरपालिकाही त्या शहराला १८३८ मध्ये मिळाली.

बोईसरच्या नागरिकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. २०११ च्या जनगणनेने बोईसरची गणना शहरात केली, परंतु कारभार त्यानंतरही वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीकडेच राहिला. कारखान्यांच्या क्षेत्रातील भूखंड, पाणी आणि बांधकाम-परवानगी हे विषय औद्योगिक विकास महामंडळाचे. आणि महामंडळाला मतदार नसतात. प्रदूषित सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांच्या संघटनेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. कारखान्यांना जाब विचारू शकेल असे निवडून दिलेले स्थानिक सभागृह त्यांच्यापाशी नव्हते.

म्हणूनच बोईसरला नगरपरिषद हवी, ही मागणी रास्त आहे. मात्र १८३२ चा कायदा इथेच सावध करतो. त्याने मँचेस्टरला दोन जागा दिल्या, पण शहरातील मताधिकार वार्षिक दहा पौंड मूल्याच्या घराच्या कबजेदाराला; बहुसंख्य गिरणीकामगार बाहेरच राहिले. इतकेच नव्हे, प्रेस्टनमध्ये जवळजवळ प्रत्येक प्रौढ पुरुषाला असलेला जुना मताधिकार पुढच्या पिढीपुरता संपुष्टात आला. सुधारणेच्या नावाने काही गरिबांचा होता तो हक्कही गेला.

पालघर जिल्ह्यात हा धोका काल्पनिक नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना दिलेले अधिकार नगरपरिषदेच्या हद्दीत चालत नाहीत. अशा पाड्यांवरून शहराची हद्द ओढली की आदिवासींची ग्रामसभा मावळते. चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे नाव मतदारयादीत नसेल, तर नवे सभागृह भूखंडधारकांचे आणि ठेकेदारांचेच होईल.

चार्टिस्टांचा अर्ज पार्लमेंटने १८३९ आणि १८४२ मध्ये फेटाळला. शहरी कामगारांना मत मिळू लागले १८६७ पासून, स्त्रियांना समान मताधिकार १९२८ मध्ये. एवढा विलंब आपल्या कामगाराने आणि आदिवासीने का सोसावा? हद्द ठरण्यापूर्वी ग्रामसभांची संमती घ्यावी, चाळीचाळीतून मतदारनोंदणी व्हावी आणि औद्योगिक क्षेत्र लोकनियुक्त सभागृहाला उत्तरदायी असावे. या तीन अटींवाचून मिळालेली नगरपरिषद ही केवळ फलकाची अदलाबदल ठरेल.