पॅरासिटामॉलवाल्या डॉक्टरला हसण्याआधी

नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी ग्रुपवर कुणाला ताप आला की ठरलेला विनोद: "इथला डॉक्टर पॅरासिटामॉलशिवाय काही देतच नाही!" मीही हसायचो. दर वेळी पुण्याहून येताना बॅगेत अ‍ॅझिथ्रोमायसिन आणायचो. आता लाज वाटते.

२००२ चे आकडे बघा. हॉस्पिटलबाहेर अँटिबायोटिकचे रोजचे डोस, हजार लोकांमागे: फ्रान्स ३२, नेदरलँड्स १०. सरहद्द ओलांडली की जंतू बदलतात का हो? नाही, डॉक्टरची आणि पेशंटची सवय बदलते. आणि जिथे वापर जास्त, तिथे औषधाला दाद न देणारे जंतूही जास्त.

इथला डॉक्टर सरसकट नाही म्हणत नाही. शंका आली तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतो, मग ठरवतो. आणि माझं नाव त्याच्याकडेच नोंदलेलं, त्यामुळे पेशंट पळेल ही भीती त्याला नाही.

पुण्यातला डॉक्टर "चार दिवस थांबा" म्हणाला तर? आपण डॉक्टर बदलतो, नाहीतर थेट केमिस्ट गाठतो. चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायला कायद्याने बंदी आहे, पण मागणारे आपणच ना?

साधी सर्दी विषाणूंची. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. तेव्हा हसणं पुरे, आधी बॅग रिकामी करा.