मचाणावरील रात्र : पाहुण्याची व जागल्याची

अलीकडे शहरांतील पुष्कळ लोकांस रानांत जाऊन झाडावर बांधलेल्या घरांत एक रात्र काढावी अशी हौस उत्पन्न झाली आहे. ही हौस आतां आमच्या गांवांच्या शिवेपर्यंत येऊन पोहोंचली आहे. ज्यांचीं शेतें जंगलास लागून आहेत त्यांच्याकडे, तुमच्या बांधावर मोठें झाड आहे काय, त्यावर खोली बांधतां येईल काय, अशी विचारणा होऊं लागली आहे. आणि आमच्या कांहीं तरुण सभासदांनीं अशी खोली बांधून पाहुणे बोलावण्याचा बेतही चालविला आहे. या बेतासंबंधानें आमचें मत विचारण्यांत आलें. तें थोडक्यांत असें कीं, बेत चांगला आहे, परंतु त्याचा क्रम उलटा आहे. आधीं खोलीचा विचार होतो, मग झाडाचा, मग परवानगीचा, आणि रात्रीचा विचार बहुधा कोणीच करीत नाहीं. वास्तविक पाहुणा पैसे देतो ते रात्रीसाठीं, खोलीसाठीं नव्हे.

मचाण ही वस्तु शेतकऱ्यास नवी नाहीं. चार बल्ल्या रोवून वर बांबूची ताटी व तणस टाकलें कीं आपलें मचाण झालें. परदेशांत जें झाडावरील घर सर्वांत प्रसिद्धीस आलें त्याची कल्पनाही हिंदुस्थानांतील शिकारीच्या मचाणावरूनच घेतलेली होती. आफ्रिकेंतील केनिया देशांत न्येरी गांवाजवळ एरिक शेरब्रुक वॉकर या गृहस्थानें १९३२ सालीं वडाउंबराच्या जातीच्या एका जुन्या झाडावर ‘ट्रीटॉप्स’ नांवाचें घर बांधलें. आरंभीं त्यांत दोनच खोल्या होत्या, आणि आठवड्यांतून बुधवारची एकच रात्र पाहुण्यांस तेथें राहतां येत असे. १९५२ च्या फेब्रुवारींत इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ तेथें उतरल्या असतां त्याच रात्रीं त्यांचे वडील राजे सहावे जॉर्ज वारले, म्हणून त्या झाडाचें नांव जगभर झालें. कुमाऊंतील नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट हे त्या वेळीं त्यांच्यासोबत होते. १९५४ सालीं तें मूळ घर जाळण्यांत आलें. या हकीकतींत आमच्या कामाची गोष्ट एवढीच कीं, लोक तेथें जात ते खोलीच्या थाटासाठीं नव्हे. खालीं पाणवठा होता, जनावरें तेथें आपण होऊन येत, आणि वर बसलेला मनुष्य गप्प बसत असे.

आपल्या महाराष्ट्रांतही वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून जनावरें मोजण्याची जुनी वहिवाट आहे. त्या दिवसांत रानांतील लहानसहान पाणी आटलेलें असतें व चांदणें स्वच्छ असतें, म्हणून हा दिवस ठरला. २००६ पासून वाघांची गणती छायाचित्रें घेणाऱ्या यंत्रांच्या साह्यानें होऊं लागली व शास्त्रीय गणनेसाठीं मचाणाची गरज राहिली नाहीं. परंतु वनखात्यानें ती रात्र ‘निसर्गानुभव’ या नांवानें चालूं ठेवली आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रांत व इतरत्र पाहुणे मचाणावर बसतात. ज्याला झाडावर घर बांधण्याची इच्छा आहे त्यानें प्रथम अशी एक रात्र रीतसर पैसे भरून स्वतः काढावी असें आम्ही सुचवितों. आपण काय विकावयास निघालों आहों हें त्यावांचून कळावयाचें नाहीं.

आतां बेताचा क्रम सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची उमर गेली, तेव्हां आमची दृष्टि प्रथम कागदाकडे जाते. झाड कोणाच्या जमिनींत उभें आहे हा पहिला प्रश्न. अभयारण्यांत प्रवेश करण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवानगी लागते, आणि तेथें आग पेटविणें किंवा विनापरवाना हत्यार घेऊन जाणें हा गुन्हा आहे. राखीव जंगलास १९२७ चा वन कायदा लागू आहे. विदर्भांतील ज्या जमिनी झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या आहेत त्या वनजमिनीच होत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या मे महिन्यांत ठरविलें आहे. म्हणून ‘वर्षानुवर्षें आमचीं गुरें तेथें चरतात’ एवढ्यावर विसंबून तेथें खांब रोवूं नये. राहिली मालकीची जमीन. तिचा सातबारा काढून पहावा. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून हस्तांतरित करतां येत नाहीं. राज्याचें कृषि पर्यटनाचें धोरण २०२० सालीं निघालें आहे, त्याखालीं नोंदणी करावी. आणि अकृषिक परवानगी लागते किंवा कसें हें तहसील कचेरींतून लेखी विचारून घ्यावें. तोंडी उत्तर देणारा कारकून पुढें बदलून जातो, कागद मात्र दप्तरांत राहतो. कोणी दलाल ‘झाडाचा करार’ म्हणून कागद पुढें करील तर तो पुरता वाचल्यावांचून सही करूं नये. झाडाच्या नांवाखालीं जमीन व रस्ता लिहून घेतलेला असण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न झाडाचा. सालई, पांगारा, काटेसावर यांचें लांकूड ठिसूळ, तीं झाडें या कामास टाकावीं. मोहाच्या झाडाखालीं फुलांच्या दिवसांत अस्वल येतें आणि अस्वल झाडावर चढतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बिबट्याही चढतो. ज्या झाडावर वा जवळपास आग्या मोहोळ बसतें तें झाड तर वर्ज्यच समजावें. धुरानें मोहोळ उठतें, आणि रात्रींच्या दिव्याकडे त्या माशा धांव घेतात. झाडाच्या सालींतून त्याचें अन्न वाहतें, म्हणून बुंध्यास तारेचे फांस आवळले तर झाड कांहीं वर्षांत वाळतें व त्यावरील घरही जातें. आमच्या मतें उत्तम उपाय म्हणजे झाडाच्या सावलींत स्वतंत्र खांबांवर मचाण उभें करावें व फांद्यांस वाऱ्यानें हालण्यास मोकळी जागा ठेवावी. झाड वांचतें, घरही टिकतें.

तिसरा प्रश्न काळाचा. वैशाखांत जनावर दिसतें खरें, पण तेच दिवस वळवाच्या पावसाचे. विजेच्या वेळीं उंच झाडासारखें वाईट ठिकाण दुसरें नाहीं. आभाळ भरून आलें तर त्या रात्रींचा बेत रद्द करून पाहुण्याचे पैसे परत द्यावे, असा नियम आधींच लिहून ठेवावा. ऐन वेळीं लोभ आडवा येतो. दिवस मावळण्यापूर्वीं वर चढावें व पुरतें उजाडल्यावर खालीं उतरावें. मध्यें कोणत्याही कारणानें उतरूं नये. नैसर्गिक विधीची सोय वरच करावी. ही गोष्ट बोलावयास संकोचाची वाटते, परंतु मनुष्य अंधारांत बहुधा त्याच एका कारणासाठीं खालीं उतरतो. पाणी, सुकें अन्न, पांघरूण व माहितगार सोबती एवढें वर असावें. अत्तर, तंबाखूचा धूर, वाजणारीं यंत्रें व कुत्रें हीं खालीं गांवांतच ठेवावीं.

येथें एका मोहाविषयीं इशारा देणें अवश्य आहे. ट्रीटॉप्सखालच्या पाण्याची गोष्ट ऐकून आपल्या मचाणाखालीं पाण्याचा हौद करावा, मीठ टाकावें, म्हणजे पाहुण्यास खात्रीनें जनावर दिसेल, असें पुष्कळांच्या मनांत येतें. ज्या हौदावर पाहुण्यास चितळ दिसेल त्याच हौदावर रानडुकराचा कळप येईल, आणि तेथून तो शेजाऱ्याच्या हरभऱ्यांत उतरेल. आपली मिळकत व शेजाऱ्याचें नुकसान असा व्यवहार गांवांत फार दिवस चालत नाहीं. जंगलांतील पाणवठा जंगलांत असूं द्यावा. शिवारांत नवा करूं नये.

परंतु आमच्या मनांतील मुख्य गोष्ट याहून निराळी आहे. पाहुण्याच्या एका रात्रीसाठीं आपण कठडा लावतों, शिडी तपासतों, सोबती देतों, आभाळाकडे पाहतों. आणि त्याच शिवारांत, धानाचें कणीस दुधांत आलें असतां किंवा हरभरा घाट्यावर आला असतां, आपला मुलगा किंवा सालदार महिना महिना जागल करतो तो कशावर? मोडक्या खाटेवर, वांकलेल्या बल्ल्यांवर, पुष्कळदां तर जमिनीवरच, एकटा, शेकोटीच्या भरंवशावर. २०२२ च्या गणनेंत महाराष्ट्रांत ४४४ वाघ आढळले. २०१८ सालीं ते ३१२ होते. या वाढीचा अभिमान सर्वांस आहे, तसा आम्हांसही आहे. परंतु वाघ वाढले त्या शिवारांतील जागल्याचें मचाण आजोबांच्या काळीं होतें तसेंच राहिलें. पाहुणा चांदण्यांत वाघ दिसावा म्हणून बसतो, जागल्या तो दिसूं नये म्हणून बसतो. दोघांचा जीव सारखाच आहे.

कोणी म्हणतील, जागल करणारे पूर्वापार असेच निजत आले, त्यांस संवय असते. संवयीनें भीति कमी होते, धोका कमी होत नाहीं. दुसरे म्हणतील, कुंपणांत वीज सोडली कीं जागलीची गरजच नाहीं. असें करणें गुन्हा आहे. शिवाय त्या तारेवर डुकराप्रमाणेंच शेजाऱ्याचें गुरूं आणि मनुष्यही मेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. तिसरे म्हणतील, शहरचे पाहुणे आले म्हणजे गोंगाट व कचरा येईल, तेव्हां हा धंदाच नको. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तथापि एका वेळीं चार माणसें, वर सांगितलेले नियम, आणि नियम मोडणारास पुन्हां प्रवेश नाहीं, एवढें कडकपणें पाळल्यास हा दोष आवरतां येईल. ट्रीटॉप्सची सुरुवातही दोन खोल्यांनीं व आठवड्यांतील एका रात्रीनेंच झाली होती.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या सभासदास झाडावर घर बांधावयाचें असेल त्यानें त्याच वर्षीं आपल्या शेतांत जागल्यासाठीं एक पक्कें मचाण आधीं उभें करावें : मजबूत खांब, कंबरेइतका कठडा, वर छप्पर, ओढून घेतां येणारी शिडी, एक चांगला दिवा, आणि एकटा कोणी बसणार नाहीं असा पाळीचा तक्ता. तें बांधतांना सुताराच्या व आपल्या ज्या चुका होतील त्या तेथेंच सुधाराव्या, मग पाहुण्याच्या घरास हात घालावा. पुढें पाहुण्यांपासून जें उत्पन्न होईल त्यांतील ठरलेला वांटा गांवांतील इतर जागल्यांच्या मचाणांसाठीं बाजूस काढावा व त्याचा हिशेब ग्रामसभेंत वाचून दाखवावा. शेजाऱ्याचा हेवा शमविण्यास उघड हिशेबासारखें दुसरें औषध नाहीं.

झाडावरील घर किती खर्चाचें, किती सुंदर, याची चौकशी पाहुणे करतीलच. आमच्या शेतकरी बंधूंनीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : या मचाणावर आपल्या मुलास आपण रात्रभर बसूं देऊं काय? उत्तर निःशंकपणें ‘होय’ असें आलें तरच पाहुण्यास वर चढवावें. आणि तसें मचाण बांधण्याचें ज्ञान व ऐपत आपणांस आली असेल, तर मुलास दुसऱ्या मोडक्या मचाणावर कां बसवितों, याचाही विचार येत्या खरिपाचें पीक दाण्यावर येण्यापूर्वीं करावा.